दुसरी काठी

गळाचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं त्या दिवशी मला गिऱ्हाईक म्हणून जवळजवळ हाकलूनच दिलं. मी नवी काठी मागितली, तर तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "ओढ्यावर निघालात? घरी बसून चहा प्यायलात तरी तेवढेच मासे मिळतील."

"मासे कुणाला हवेत? काठी दाखवा," मी म्हटलं.

त्यानं किंमत सांगितली आणि मी घासाघीस न करता ती देऊन टाकली. तो मला चांगला ओळखतो. माझी तब्येत बरी नसावी अशा नजरेनं त्यानं मला दारापर्यंत पोचवलं.

काठी माझ्यासाठी नव्हती, धाकट्या भावासाठी होती. आणि मासे नको होते हे मी खरंच बोललो होतो. मला भाऊ परत हवा होता.

इकडं परदेशात, स्लायगो गावाजवळ माझं वर्कशॉप आहे. औषधांच्या कारखान्यांना लागणारे स्टीलचे पाइप आम्ही जोडून देतो. आयटीआय करून भोसरीत वेल्डिंग शिकलेला मी, इथं दुसऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टवर आलो आणि एकेक माणूस, एकेक मशीन जोडत स्वतःचं शेड उभं केलं. मला कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते भांडून, अडून, वेळ पडली तर उठून निघून जायचं सोंग करून मिळवलं. शेड उभं राहिल्यावर भावाला बोलावून घेतलं. त्याला राहायला खोली दिली, गाडी चालवायला शिकवली, लग्नाला गावी घेऊन गेलो, त्याच्या बायकोला इकडं घेऊन आलो. तो वेल्डिंगमध्ये माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी कधी लपवलं नाही. त्याच्या जोडात कॅमेरा घालून तपासणारे इन्स्पेक्टर लोक कॅमेरा बाहेर काढतात आणि नुसते हसतात. आतून सांधा दिसतच नाही.

आणि त्या उन्हाळ्यात हा भाऊ माझ्याच शेडमध्ये, माझ्याच टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "दादा, मी लिमरिकला स्वतःचं सुरू करायचं म्हणतोय." आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लिमरिकच्या बाजूचं. त्याच्याबरोबर तेही जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेडमधली पोरं ग्राइंडर बंद करून ऐकत होती. त्यानंतर तो कामाला येत राहिला, पण माझ्याशी बोलायचा तो फक्त ड्रॉइंगबद्दल.

मग मी त्याला ओढ्यावर चल म्हटलं. तिथं आम्ही भांडत नाही.

ओढा डोंगरातून उतरतो आणि खालच्या तळ्याला मिळतो; तळ्यातून नदी निघून खाडीला जाते. इथं आलो त्या सुरुवातीच्या काळात एका रविवारी फिरत फिरत आम्ही तिथं पोचलो. एक म्हातारा गुडघ्यावर बसून पाण्यावर दोरी फेकत होता. दोरीच्या टोकाला पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर टेकली रे टेकली की खालून तोंड यायचं. भाऊ तासभर खुळ्यासारखा बघत राहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही एक जुनी काठी मिळवली. एकच. दोन घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती, आणि ऐपत आली तेव्हा गरज राहिली नव्हती.

कारण तोवर आमची पद्धत बसली होती. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी उतरतं आणि काचेसारखं नितळ होतं. एरवी डोंगरावरच्या काळ्या मातीतून येणारं ते पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, त्यात तुम्ही लपून जाता. पाणी उतरलं की मात्र माशाला सगळं दिसतं: तुमची टोपी, तुमची सावली, काठीचं टोक. प्रवाहाकडे तोंड करून तो उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या बाजूनं, गुडघ्यावर रांगत जावं लागतं. आणि गुडघ्यावर बसलं की चकाकीमुळं तुम्हाला मासा दिसत नाही. इथंच दुसरा माणूस कामाला येतो. तो मागं वर, काठावरच्या झुडपाआड बसतो. त्याला वरून तळ दिसतो. तो कुजबुजत सांगतो: डावीकडं, त्या पांढऱ्या दगडाच्या पुढं, हातभर वर. काठीवाल्यानं फक्त ऐकायचं आणि फेकायचं. मासा लागला किंवा डोह बिघडला, की काठी दुसऱ्याच्या हातात. एकाचा हात, दुसऱ्याचे डोळे. मोठमोठी सामानं घेऊन येणारे लोक उतरत्या पाण्यात रिकाम्या हातानं परत जायचे आणि आम्ही पंजाएवढे दोन-तीन ट्राउट मासे घेऊन यायचो, तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात तळायचो.

डोळे होऊन मागं बसलेला माणूस बोलतोही. आमचं बहुतेक सगळं बोलणं तिथंच झालं. आईच्या ऑपरेशनचं, त्याच्या लग्नाचं, शेड घ्यावं की नाही याचं. समोरासमोर बसून जे जमत नाही ते एकानं पाण्याकडं आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या पाठीकडं बघत जमतं.

तर असं सगळं माहीत असताना मी दुसरी काठी का घेतली? हिशोब सरळ होता. सौद्याला बसायच्या आधी समोरच्याच्या हातात काहीतरी द्यावं. घेणारा अवघडतो, आणि अवघडलेला माणूस लवकर हो म्हणतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतः शिकलोय आणि ते फुकट गेलेलं मी पाहिलेलं नाही. आधी काठी, मग एखादा मासा, मग वरच्या डोहापाशी बसून माझा प्रस्ताव: अर्धा धंदा त्याचा, आणि पाटीवर त्याचंही नाव. एवढं मी कुणाला कधी दिलेलं नाही. देईन असं वाटलंही नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. आठवडेच्या आठवडे पाऊस नव्हता. नळीनं बागेला पाणी घालायला बंदी, रस्त्याकडेची नेची करपलेली, आणि लोक अर्ध्या चड्ड्यांत आइस्क्रीम खात खूष. इथल्या माणसाला ऊन म्हणजे सण. आमच्या दोघांचं लक्ष मात्र दर पुलाखाली. पुलाखाली दगडच दगड दिसत होते.

"नदीच्या तोंडाशी मासे खोळंबले असतील," भाऊ म्हणाला. समुद्रातून वर येणारे मोठे ट्राउट पाणी वाढल्याशिवाय नदीत शिरत नाहीत, खाडीतच घोटाळत राहतात.

"येईल पाऊस," मी म्हटलं.

"कधी?"

"येईल."

गाडी लावली तिथं फाटकापाशी मी डिकीतून लांबट खोका काढून त्याच्या हातात दिला. त्यानं उघडला. काठीचे तुकडे जोडले, मनगटानं हलवून पाहिली. त्याला आवडली, हे मला दिसलं. त्याच्या हाताला चांगलं हत्यार कळतं.

"कशाला, दादा?"

"कशाला म्हणजे? घे. तुझी."

"माझी?"

"मग कुणाची, मेंढरांची?"

तो थोडा हसला. मला वाटलं, अवघडला. तो ओढ्याकडं बघत म्हणाला, "मग असं करू. मी वरून सुरू करतो, तू खालून ये. डोह वाटून घेऊ."

झालं. मी काय बोलणार होतो? काठी मीच दिली होती. एका काठीला दोन माणसं लागतात, दोन काठ्यांना दोन ओढे लागतात. तो काठानं चढत वर गेला. चवड्यांवर उड्या मारत, धोंड्यावरून धोंड्यावर, पहिल्यापासून असाच चालतो. वळणापाशी रोवनच्या झाडामागं दिसेनासा झाला, आणि मी माझ्या वाट्याच्या डोहापाशी एकटा राहिलो.

त्या डोहात कंबरभर पाणी असायचं. आता गुडघाभर होतं. काठाच्या दगडांवर पाण्याची जुनी रेघ हातभर वर वाळून पांढरी पडली होती, आणि तळाशी हिरवं शेवाळ केसांसारखं लोंबत होतं. वारा नाही. चिलटं मात्र होती. मी आमच्याकडची सगळ्यात बारीक माशी काढली, तांदळाच्या दाण्याएवढी. टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, लांब आणि केसासारखी बारीक बांधली. गुडघ्यावर रांगत गेलो. समोर नुसतं आभाळ चमकत होतं. मागून कुणी डावीकडं म्हणेना, वर म्हणेना. अंदाजानं फेकलं. दोरी पाण्यावर टेकली आणि तिच्या सावलीसरशी तीन-चार काळ्या रेघा बाणासारख्या दगडाखाली गेल्या. एका फेकीत डोह संपला.

पुढच्यात तेच. त्याच्या पुढच्यात तर पोचायच्या आधीच मासे दगडाखाली गेलेले, कारण माझा भाऊ वर जाताना तिथल्याच धोंड्यांवरून गेला होता. म्हणजे वाटणी झाली ती अशी, की पुढं जाणाऱ्यानं पाणी बिघडवायचं आणि मागच्यानं त्यात गळ टाकायचा. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते काही मासेमारीबद्दल नव्हतं. मी हाताला चावणाऱ्या चिलटांवर मराठीत ओरडलो. पलीकडच्या कुरणातली मेंढी मान वर करून बघायला लागली.

वरच्या डोहापाशी भाऊ सापडला. तिथं छोटा धबधबा आहे, म्हणजे त्या दिवशी कातळावरून ओघळणारी धार होती. नवी काठी झुडपाला टेकवून तो काठावर बसला होता. बूट-मोजे काढून पाय पाण्यात.

"सोडलंस वाटतं," मी म्हटलं.

"पाणी कोमट आहे, दादा. हात घालून बघ. आज त्यांना धरू नये. मरतील."

ते मलाही माहीत होतं. कोमट पाण्यात माशाला दम पुरत नाही. गळाला लागून दमला की परत सोडला तरी वाचेल असं नाही. शहाणे लोक अशा दिवसांत काठी घरीच ठेवतात. पण मला मासा हवा होता. माझं गणित मासा, मग प्रस्ताव, असं होतं आणि मी इथपर्यंत चिलटांना रक्त पाजत आलो होतो.

"एकच," मी म्हटलं. "तू बघ. मी फेकतो."

तो पाय पुसून उठला आणि मागच्या चढावर, झुडपाआड जाऊन बसला. मी गुडघ्यावर गेलो. पाणी समोर चमकत होतं, आंधळं.

थोड्या वेळानं मागून हलका आवाज आला. "आहे एक. धारेच्या उजव्या कडेला. चांगला आहे."

"किती वर?"

"तुझ्या काठीच्या दीड लांबी. थांब, हलला. आता. थोडं डावीकडं... फेक."

फेकलं.

"लांब गेलं. असू दे, येऊ दे खाली. बघतोय तो. बघतोय. आला, दादा, आला, ओढ!"

ओढलं. काठी वाकली. तेवढा वेळ, एवढंच मी म्हणू शकतो, माझ्या मनात शेड नव्हतं, लिमरिक नव्हतं, काही नव्हतं. भाऊ मागून ओरडत होता, "दगडाकडं जाऊ देऊ नको! अरे जाऊ देऊ नको त्याला, सैल सोड, सैल, भडकू नकोस, तुटेल!" तंगूस एवढी बारीक, की जोर लावता येईना. मासा डोहभर फिरला, परत फिरला. नको तेवढा वेळ लागला. शेवटी तो माझ्या पायांशी आला. पितळी अंग, लाल ठिपके. त्या ओढ्यात एवढा मोठा आम्ही पाहिला नव्हता.

गळ सोडवला आणि त्याला दोन्ही हातांत धरून, तोंड धारेकडं करून, पाण्यात बसलो. दम येईपर्यंत असंच धरायचं असतं. भाऊ खाली येऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला. मला वाटलं, हीच वेळ. यापेक्षा चांगली वेळ येणार नाही.

"ऐक," मी म्हटलं. "अर्धा धंदा तुझा. कागदावर. पाटीवर दोघांची नावं."

तो माशाकडं बघत होता. मी गप्प राहिलो. आकडा टाकला की गप्प बसायचं, समोरच्याला शांतता सोसवत नाही, तो काहीतरी बोलून फसतो.

"दादा, हे माझ्यावर नको वापरूस," तो म्हणाला. "हे गप्प बसणं. मी तुझ्याकडूनच शिकलोय."

"बरं, मग बोल. काय हवंय?"

"काही नकोय. लिमरिकला शेड घेतलंय. सही झाली."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यात! आणि मी इथं गाढवासारखा..." माझे दोन्ही हात पाण्यात होते. मासा सोडून उठता येईना आणि न उठता मला भांडता येत नाही. "सही मोडता येते. मी मोडून देतो. किती सह्या मोडल्यात मी."

"माहीत आहे. म्हणूनच आधी केली, मग तुला सांगितलं."

"मी काय कमी केलं तुझ्यासाठी?"

"काही कमी नाही केलंस. सगळं तूच केलंस." तो हे चिडून बोलला नाही, तेच मला जास्त लागलं. "पाटीचं मी विचारलं होतं, दादा. माझी मुलगी झाली तेव्हा. तू म्हणालास, पाटी रंगवायला आत्ताच दिलीय, आता परत कोण खर्च करणार."

म्हटलं असेन. धंद्यात माणूस असं शंभर वेळा म्हणतो. ते मनात धरून ठेवायचं, त्यावर घर हलवायचं, भावाचं गिऱ्हाईक न्यायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याला दुसऱ्यांदा विचारायचं सुचत नाही त्यानं राग धरू नये. मी तर प्रत्येक गोष्ट दहा वेळा मागून मिळवली.

"गिऱ्हाईक माझं आहे," मी म्हटलं.

"त्यांनी विचारलं, मी कुठं असणार. मी सांगितलं. बाकी त्यांचं ते बघतील."

"बाकी त्यांचं ते बघतील म्हणे. वेल्ड करायला तुला कुणी शिकवलं?"

"आयटीआयनं," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मला नाही आलं. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या बायकोबद्दलही बोललो, जिचा यात काही संबंध नव्हता. त्यानं एकदाच म्हटलं, "दादा, तिच्यावर जाऊ नकोस," आणि मग धारेकडं बघत राहिला.

माझ्या हातातला मासा मध्येच एका कुशीवर कलला. मी सरळ केला. परत कलला. भावानं माझे हात बाजूला सारून तो स्वतः धरला, धारेखाली जिथं पाणी जरा फेसाळत होतं तिथं नेला, हलक्या हातानं पुढंमागं करत राहिला. मी वर कातळावर जाऊन बसलो. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मग त्यानं हात उघडले. मासा पोट वर करून डोहाच्या कडेकडं गेला आणि दोन दगडांच्या फटीत अडकला.

"घ्यायचा का घरी?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला.

खाली उतरताना तो पुढं, मी मागं. एकाच गाडीनं आलो होतो, तेव्हा एकाच गाडीनं परतणं भाग होतं. रस्ताभर रेडिओवरची बाई पुढचा आठवडाही कोरडाच जाणार असं आनंदानं सांगत होती. त्याच्या घरासमोर गाडी थांबवली. खिडकीतून खोके दिसत होते, स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी करायला घेतली होती. त्याची बायको दारात आली. "दादा, या ना, चहा टाकलाय. काय मिळालं का?"

"पाणी नव्हतं," भाऊ म्हणाला.

तो गाडीतून उतरला, नवी काठी मागच्या सीटवर तशीच ठेवून. मी हाक मारली नाही. चहालाही थांबलो नाही, शेडवर काम आहे म्हटलं. शनिवारी संध्याकाळी शेडवर काम नसतं, हे तिला माहीत होतं.

शाळा सुरू व्हायच्या आत ते लिमरिकला गेले. मोठं गिऱ्हाईक पुढच्या ऑर्डरपासून गेलं. त्यांच्या माणसानं मला फोनवर सांगितलं, अगदी गोड आवाजात, "सगळं ग्रँड आहे, काही वैयक्तिक नाही." भावाच्या जागी मी एकापाठोपाठ एक माणसं ठेवून पाहिली. कॅमेरा आत गेला की सांधा दिसतो. मी त्यांच्यावर ओरडतो, ती सोडून जातात. बायको म्हणते, एकदा जाऊन ये लिमरिकला, गाडीनं काही फार लांब नाही. मी म्हणतो, रस्ता दोन्हीकडून तेवढाच आहे.

पाऊस आला तो ते गेल्यावर. एका सकाळी शेडच्या पत्र्यावर एवढा आवाज व्हायला लागला की आत बोललेलं ऐकू येईना. दुपारी मी पुलावरून गाडी घेतली, तर खाली सगळे दगड बुडालेले, काळ्या चहाचा लोंढा फेस घेऊन धावत होता. अशा पाण्यात खाडीतले मासे एका रात्रीत वर येतात. लोंढा ओसरायला लागला की पहिले एक-दोन दिवस सोन्याचे.

भावाचा फोन आला तो त्याच आठवड्यात, शुक्रवारी. सणावाराच्या फोननंतरचा पहिलाच.

"दादा, ओढ्याला पाणी आलं का?"

मी शेडच्या दारात उभा होतो. पागोळ्या माझ्या बुटांवर पडत होत्या.

"का?"

"नाही, म्हटलं, रविवारी येतो तिकडं. एकटाच येईन. जाऊ दोघं."

मी बाहेर बघितलं. अंगणातल्या खड्ड्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. माझी पाटी भिंतीवर ओली चमकत होती, माझ्या एकट्याच्या नावाची.

"नाही," मी म्हटलं. "इथं थेंब नाही अजून."

"माझ्या फोनवर तर स्लायगोला पाऊस दाखवतोय."

"फोनला काय कळतंय."

पत्र्यावरचा आवाज त्याला ऐकू जात असणारच.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो मग."